भाऊ, तुमची गाडी कोणती?

मागच्या अंकात एका वाचकाला सेट टॉप बॉक्सबद्दल उत्तर देताना मी शेवटी सहज लिहून गेलो, की रविवारी संध्याकाळी साडेसहानंतर मला फोन करू नका, मी रेस पाहत असतो. संपादकांनी ती ओळ कापली नाही. या महिन्यात बॉक्सबद्दल दोन पत्रं आली, रेसबद्दल चौदा. वडसा-लाखांदूर रस्त्यावरच्या खेड्यात राहणारा, पासष्टीला टेकलेला, दोन एकर धान करणारा जुना केबलवाला फॉर्म्युला वन पाहतो, याचं लोकांना भलतंच नवल वाटलेलं दिसतं. बॉक्सवाल्यांनी या खेपेला सांभाळून घ्यावं. नेहमीप्रमाणे नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

ब्रह्मपुरी
*भाऊ, मी बी.एस्सी.ला आहे. कोणी काय पाहावं आणि कसं पाहावं हे तुम्ही सांगता, पण तुम्हाला स्वतःला काय आवडतं ते कधीच लिहीत नाही. खरं सांगा. आणि रेसमध्ये तुमची गाडी कोणती? माझी फेरारी. जिंकली नाही तरी फेरारीच.*

बेटा, मी आयुष्यात पिक्चर कमी आणि पिक्चर पाहणारे जास्त पाहिले. १९८६ साली मी व्हिडिओ घेतला. कलर टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर, तिन्ही बंडीवर घालून गावोगाव फिरायचो. बारसं असो की साक्षगंध, एका रात्रीत तीन पिक्चर. टीव्ही टेबलावर, टेबल मांडवात आणि मी टेबलाच्या मागे, कारण व्हीसीआरचं हेड कधी घाण होईल याचा नेम नसे. कॅसेटला बुरशी असली की पडद्यावर मुंग्या धावायच्या. मग स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कागदाने हेड पुसायचं, तोवर मांडवातून शिव्या ऐकायच्या. शेवटच्या मारामारीला तर मी मांडवात नसायचोच. पोट्टे उठून उभे राहायचे, कोणाचा तरी पाय वायरीत अडकायचा, म्हणून मी आधीच जनरेटरजवळ वायर धरून बसायचो. त्या काळच्या कितीतरी पिक्चरांचे शेवट मला आजही माहीत नाहीत. खलनायक मेला असेल असं धरून चालतो.

तिथेच माझी आवड बिघडली. मला नायकापेक्षा कामात बुडालेला माणूस पाहायला आवडतो. तिजोरी फोडायच्या आधी कोणी अवजारं फडक्यावर ओळीने मांडत असेल, कोणी नीट भाकर थापत असेल, तर मी पापणी हलवत नाही. तोच माणूस पुढे बर्फात गाणं म्हणायला लागला की मी चहा मांडायला उठतो. वेब सिरीजमध्ये ठाण्यातला मुन्शी रजिस्टर कसं लिहितो हे दाखवलं, तर आठ भाग मला कमी पडतात. आणि ज्या घरात कोणीच कधी भांडी घासत नाही अशा मालिका मी पंचवीस वर्षं लोकांच्या घरी पोचवल्या. स्वतः एक पाहिली नाही. हे आजवर गिऱ्हाइकांना सांगितलं नव्हतं.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळी ते होळी नाटकं चालतात, हे तुला सांगायला नको. दिवसा पट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. वडशाला कंपन्यांचे बोर्ड लागतात, रात्री पडदा वर जातो तो पहाटेच खाली येतो. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मी कधी नव्हे ते बातम्यांचं चॅनल दोनदा लावलं. नाटकातही माझी जागा ठरलेली, रंगमंचाच्या कडेला, ऑर्गनवाल्याच्या मागे. तिथून नायिका अर्धीच दिसते. पण विंगेत बिडी विझवून, मिशी दाबून, ऐन वेळी आत शिरणारा राजा पुरा दिसतो. पुऱ्या नाटकात मला तो सगळ्यात प्यारा.

आता रेस. १९९९ साली माझी ८६ कनेक्शनं होती. कंट्रोल रूम म्हणजे आमच्या गोठ्यावरचा माळा. खाली बैल रवंथ करायचे, वर मी चॅनल तपासायचो. २६ सप्टेंबर, रविवार. जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगची रेस लागली होती, पाऊस येऊन-जाऊन होता. फेरारीचा एडी अर्वाइन टायर बदलायला आत आला. तीन चाकं लागली. चौथं नव्हतंच. मागचं उजवं चाक कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोर लाल गाडी तीन चाकांवर उभी, आणि लाल कपड्यांतली माणसं एकमेकांची तोंडं पाहून राहिली.

मी हसलो नाही. मला घाम फुटला. व्हिडिओच्या काळात पाच कोसांवरच्या एका साक्षगंधाला मी टीव्ही, व्हीसीआर, जनरेटर सगळं बंडीवर नेलं होतं आणि कॅसेटींची पिशवी घरी खुंटीला विसरलो होतो. मांडव भरलेला, मुलीचा बाप माझ्याकडे पाहतोय, आणि माझ्या हातात रिकामी वायर. ते तोंड मी ओळखलं. त्या वर्षी मिका हाक्किनेन ७६ गुणांनी जगज्जेता झाला आणि अर्वाइन ७४ वर राहिला. ते चाक मी अजून शोधतो आहे.

तेव्हापासून मी पान्हेवाल्यांचा झालो. चालकाचं नाव कधी विसरतो, पण चाकाचा नट बसला की नाही ते पाहतो. २०२१ साली मोनाकोत बोटासची मर्सिडीज टायर बदलायला आली आणि एका नटाच्या खाचाच खरवडून गेल्या. चाक काही केल्या निघेना. रेस तिथेच संपली. ते चाक दोन दिवसांनी, इंग्लंडातल्या कारखान्यात नेल्यावर निघालं. ट्रॅक्टरचं चाक खोलणाऱ्या कोणालाही विचार, हे दुःख त्याला कळेल. आणि २०२३ साली कतारला मॅकलारेनवाल्यांनी नॉरिसची चारही चाकं १.८० सेकंदात बदलली. मी ते चौदा वेळा पाहिलं. बायको म्हणाली, "आता का त्यायची आरती करता का?"

तर माझी गाडी कोणती? जी आत येते ती. तुझी फेरारी असू दे. तिच्या पान्हेवाल्यांकडे मात्र लक्ष ठेव.

साकोली
*भाऊ, मी बारावीत आहे. मी रेस लावली की बाबा म्हणतात, "गोल गोल फिरून त्याच जागी येतात, त्यात पाहायचं का गा?" त्यांना कसं समजावू?*

साकोलीकडचा माणूस म्हणजे पट पाहिलेला माणूस. अर्धं काम झालं.

बाबांना आधी तळेगाव दशासरची आठवण दे. अमरावती जिल्ह्यातला तो शंकरपट घड्याळाचा असतो. जोडी सुटली की सेकंद आणि सेकंदाचे तुकडे मोजतात, तिचं भांडण घड्याळाशी. फॉर्म्युला वनमध्ये शनिवारी हेच चालतं. गाडी घड्याळाशी पळते, ज्याला कमी वेळ लागला तो रविवारी पुढे उभा. आणि रविवार म्हणजे आपल्याकडचा पट, जोडीला जोडी. तिथे फक्त दोन नसतात, वीस-बावीस असतात, आणि धुरकऱ्याच्या हातात कासऱ्याऐवजी बटणांनी भरलेलं स्टिअरिंग असतं.

राहिलं गोल फिरणं. चिखलणीला बाबा बांधीत ट्रॅक्टर गोलच फिरवतात ना? तेव्हा त्यांना कोणी असं विचारत नाही. खरी गोष्ट चाकात आहे. टायर तीन जातींचे, नरम, मधला, कडक. नरम टायर म्हणजे नवा गोऱ्हा. सुटतो बाणासारखा, अर्ध्यात तोंडाला फेस. कडक टायर म्हणजे मुरलेला बैल. तापायला वेळ घेतो, पण मान टाकत नाही. रेस कोरडी असेल तर निदान दोन जातींचे टायर वापरलेच पाहिजेत असा नियम आहे, म्हणून प्रत्येकाला एकदा तरी आत यावंच लागतं. चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद, पण आत येण्या-जाण्यात वीसेक सेकंद जातात. आता आधी कोणी यायचं?

हे बाबांना धान रोवण्याच्या भाषेत सांग. रोवण्याला जो शेतकरी आधी मजूर धरतो त्याचं धान चार दिवस पुढे जातं. रेसमध्येही आधी आत आलेला ताज्या टायरवर दोन-तीन फेऱ्या अशा काढतो की पुढचा बाहेर येईपर्यंत हा त्याच्या पुढे. पण मजूर धरले आणि पावसाने दगा दिला तर मजुरी अंगावर. इकडेही तसंच. तू आत येऊन गेलास आणि मागून कोणी धडकून सेफ्टी कार आली, सगळ्या गाड्या मंदावल्या, की बाकीचे निम्म्या खर्चात टायर बदलून मोकळे. तू बसला हात चोळत. हे गणित बाबांना तुझ्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी ते टीव्हीवर पाहिलेलं नाही एवढंच.

माझे बाबा धुरकरी नव्हते. ते जोडी धरायचे. पट सुटायच्या आधी जनावरं वेडीपिशी होतात, त्यांना रेषेवर सरळ उभं ठेवणं हे त्यांचं काम. बक्षीस मालकाला, नाव बैलांचं, फेटा धुरकऱ्याला. बाबांना चहा. पण जोडी सुटायच्या आधी बैलाच्या कानाकडे पाहून ते सांगायचे, "हा आज पळत नाही." दहात आठ वेळा खरं निघायचं. गाड्यांना कान नसतात, म्हणून मी रेसेत इतका पक्का कधी झालो नाही.

तर पहिल्याच दिवशी बाबांना पूर्ण रेस दाखवू नको. पंधरावी फेरी लागली की हाक मार आणि एकच विचार, "बाबा, यातला आधी आत कोण येईन?" मग तू स्वयंपाकघरात पाणी प्यायला जा. आणि मोनाकोपासून सुरुवात करू नको. ३.३३७ किलोमीटरची गल्ली, ७८ फेऱ्या, पुढच्याला मागे टाकायला जागा नाही. बाबा म्हणतील, "पाहिलं? म्या का म्हणलो होतो?" मोनाकोपुरतं त्यांचं बरोबरही असतं. १९९६ ची मोनाको सोडून. तेव्हा पावसात एकेक करून इतक्या गाड्या गारद झाल्या की शेवटच्या झेंड्याखालून तीनच गेल्या, आणि चौदाव्या जागेवरून निघालेला ओलिव्हिए पानिस जिंकला.

अर्जुनी मोरगाव
*भाऊजी, घरात टीव्ही एक. रविवारी संध्याकाळी हे रेस लावून बसतात, मला माझा कार्यक्रम पाहता येत नाही. तुमच्यासारख्या माणसांनीच यांना बिघडवलं. उपाय सांगा.*

वहिनी, गुन्हा कबूल. वर्षाला चोवीसेक रेसा असतात आणि रविवार बावन्न, म्हणजे बहुमत तुमच्याकडे आहे. युरोपातल्या बहुतेक रेसा आपल्याकडे साडेसहाला सुटतात आणि सव्वाआठच्या आत संपतात. अमेरिकेतल्या बहुतेक अर्ध्या रात्री असतात, त्यांचा तुम्हाला त्रासच नाही. सुटण्याआधीचा अर्धा तास गाड्या नुसत्या उभ्या असतात. तेवढ्यात कणीक मळून होते. भाऊंना म्हणावं, चार चाकं दोन सेकंदात बदलणाऱ्यांचे तुम्ही चाहते, पाव किलो पालक निवडायला किती लागतो ते घड्याळ लावून पाहू.

नागभीड
*मी निवृत्त शिक्षक. २०२१ च्या अबू धाबीच्या रेसमध्ये हॅमिल्टनवर अन्याय झाला असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?*

गुरुजी, अन्याय झाला, पण चोरी झाली नाही.

१२ डिसेंबर २०२१. हॅमिल्टन आणि वेर्स्टाप्पेन दोघेही ३६९.५ गुणांवर, शेवटची रेस, जो पुढे तो जगज्जेता. हॅमिल्टन पुढे. पाच-सहा फेऱ्या उरल्या असताना लतिफीची गाडी भिंतीला लागली, सेफ्टी कार आली. वेर्स्टाप्पेनने आत येऊन नरम टायर घातले. हॅमिल्टनने जागा जाईल या भीतीने जुनेच ठेवले. दोघांच्या मधे फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. मुख्य पंच मायकल मासी यांनी नेमक्या त्या पाचच पुढे सोडल्या, बाकीच्यांना तसंच ठेवलं, आणि एक फेरी मोकळी दिली. नव्या टायरवाल्याने जुन्या टायरवाल्याला गाठलं. पुढे चौकशीत मानवी चूक झाल्याचं मान्य झालं, मासींना बाजूला केलं, नियमातली भाषाही बदलली. निकाल तोच राहिला.

पटात पंचाने झेंडा उशिरा पाडला तर आपण पंचाला धरतो. जिंकलेल्या बैलाला कोणी धरत नाही. वेर्स्टाप्पेनने त्या फेरीत जे केलं ते समोर जागा दिसली तर कोणीही केलं असतं. हॅमिल्टन खाली उतरून, बापाला बरोबर घेऊन, प्रतिस्पर्ध्याचं अभिनंदन करायला गेला. मला ती रेस त्या चालण्यासाठी आठवते.

आणखी एका कारणासाठीही. बरोबर चार दिवसांनी, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलांच्या शर्यतींना परवानगी दिली. २०१४ पासून बंद होतं सगळं. रविवारी रात्री आमच्या चौकात अबू धाबीवरून दोन भाच्यांत अबोला धरला गेला होता. गुरुवारी तेच दोघे एका बंडीवर बसून फटाके उडवत होते. आमच्या शेजाऱ्याने बंदीच्या आदल्या वर्षी हौसेने एक जोडी घेतली होती, पांढरी, उभ्या शिंगांची. पट उघडले तेव्हा ती म्हातारी झालेली. एकदाही न पळता. तो नव्या दमाची जोडी घ्या म्हणणाऱ्यांशी बोललाच नाही, कित्येक दिवस.

बंदी उगाच आली असंही मी म्हणणार नाही, गुरुजी. तुतारीचा, म्हणजे बैल हाकायच्या काठीचा, खिळा मी लहानपणी जवळून पाहिला आहे, बैलाच्या पुठ्ठ्यावरचं रक्तही. आता चाबूक, काठी, तुतारी काही चालत नाही. पट थोडा हळू झाला म्हणतात. होऊ दे.

लाखनी
*तुम्ही समाजात काय पसरवता याचा विचार करा. रेस पाहून पोट्टे हायवेवर गाड्या पळवतात आणि मरतात. तुम्हाला घरी बसून पालक निवडता येत असेल, पोरं आमची जातात.*

(पालकाचं या दादांना कसं कळलं कोण जाणे. अर्जुनीची वहिनी यांची नातेवाईक असावी.)

दादा, हा आरोप मी झटकणार नाही. माझ्याकडे वायरी ओढायला एक पोरगा होता. खांबावर खारीसारखा चढायचा. एका रविवारी माझ्याबरोबर माळ्यावर बसून त्याने पूर्ण रेस पाहिली, निघताना म्हणाला, "भाऊ, पाहा आता," आणि माझ्याच मोटरसायकलला किक मारली. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं. तसंच ते परतही आलं, एक ओरखडा नव्हता त्याला. पोराच्या मांडीत लोखंडी सळी टाकावी लागली. आज तो किराणा दुकान चालवतो, लंगडतो, आणि माझ्याशी नीट बोलतो. ते नीट बोलणं मला जड जातं.

त्यानंतर मी पोरांबरोबर रेस पाहताना एक रेस मुद्दाम दाखवतो. २९ नोव्हेंबर २०२०, बहरीन. पहिल्याच फेरीत रोमँ ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसली, मधून तुटून दोन तुकडे झाले, आणि आगीचा लोळ उठला. जवळजवळ अर्धं मिनिट माणूस आत. मग तो त्या आगीतून कठड्यावर चढून बाहेर आला, हात भाजलेले, बाकी शाबूत. चालकाच्या डोक्यापुढे २०१८ पासून हेलो नावाची धातूची कमान असते. ती आली तेव्हा ग्रोजाँ स्वतः तिच्या विरोधात होता. त्या रात्री इस्पितळातून त्याने सांगितलं, ती नसती तर मी आज बोलत नसतो.

मी पोरांना म्हणतो, त्याचे कपडे आग न लागणारे, डोक्यावर हेल्मेट, मानेला आधार, गाडी मोडली तरी माणूस वाचेल अशी खोळ, मागे डॉक्टरची गाडी, वाटेवर एक गाय नाही, आणि समोरून धानाचा ट्रक येत नाही. तुमच्याजवळ यातलं का आहे? बहुतेक पोट्टे खाली पाहतात. एकाने मात्र सांगितलं, "गाय नाही आमच्या रस्त्यावर, भाऊ. डुकरं आहेत." अशांचं काय करायचं ते मलाही सुचलेलं नाही. माझी मोटरसायकल आता कोणाला देत नाही. किल्ली उशाशी असते.

सिंदेवाही
*रेसवरचा एखादा पिक्चर सांगा. आणि नेटफ्लिक्सवरची मालिका खरी असते का?*

'रश' पाहा, २०१३ चा. १९७६ साली निकी लाउडा न्युरबुर्गरिंगला जळाला, दुसऱ्या चालकांनी त्याला आगीतून ओढून काढलं, आणि सहा आठवड्यांत पट्ट्या बांधून तो मोंझाला परत गाडीत बसून चौथा आला. शेवटच्या रेसेत जपानच्या पावसात त्याने दोन फेऱ्या करून गाडी थांबवली, जीव यापेक्षा मोठा म्हणाला, आणि जेम्स हंट एका गुणाने जगज्जेता झाला. या पिक्चरचा शेवट मी पाहिला आहे, वायर धरून न बसता.

मालिका खरी असते, पण मसाला वरून टाकलेला असतो. दोघांचं भांडण नसलं तरी संगीत असं लावतात की भांडण वाटावं. वेर्स्टाप्पेन तर एका वर्षी रुसून मुलाखतच देईना. तरी मी तिला नावं ठेवणार नाही. आमच्या गावात जी सहा पोरं रेस पाहतात त्यातली पाच त्या मालिकेतून आली.

पवनी
*आपल्या देशात ही रेस व्हायची ना? मग बंद का पडली? आणि आपला कोणी नाही का त्यात?*

व्हायची. ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, ५.१२५ किलोमीटरचं. २०११, १२, १३ अशी तीन वर्षं रेस झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटलच जिंकला. बंद पडायच्या कारणांत पैसा होता, आणि एक कारण मला फार आवडतं. तिथल्या सरकारने म्हटलं, हा खेळ नाही, करमणूक आहे, करमणूक कर भरा. जन्मभर मी करमणूक कराच्या पावत्या फाडल्या, त्यामुळे त्या साहेबाचं दुःखही मला कळतं आणि रेसवाल्यांचंही.

आपले दोघे. नारायण कार्तिकेयन २००५ साली पहिला भारतीय झाला. त्याच वर्षी इंडियानापोलिसला तो चौथा आला. टायरच्या भानगडीमुळे त्या दिवशी सहाच गाड्या पळाल्या होत्या, हेही खरं. लोक ते हसून सांगतात. मी म्हणतो, बाकीचे चौदा घरी गेले त्यात त्याचा काय दोष? जो उभा राहिला त्याला गुण. दुसरा करुण चंधोक, २०१० मध्ये आला, आता टीव्हीवर समजावून सांगतो, आणि फार नीट सांगतो.

लाखांदूर
*भाऊ, मी मोबाईलवर रेस पाहतो, पण शेजारचा आधी ओरडतो. मला नंतर दिसतं. फोन खराब आहे का?*

फोन बरा आहे. मोबाईलवर येणारं चित्र तुकडे करून पाठवतात. फोन आधी चार तुकडे साठवतो, मग दाखवायला लागतो. ज्याचं नेट चांगलं, ज्याने नुकतंच ॲप बंद करून पुन्हा उघडलं, त्याचं चित्र तुझ्यापेक्षा पुढे असू शकतं. अर्धा मिनिटाचाही फरक पडतो. रेस सुटायच्या आधी ॲप एकदा पूर्ण बंद करून उघड, मधे थांबवून मागे जाऊ नको, आणि कोपऱ्यात लाइव्ह लिहिलेलं बटण असेल तर ते दाब. तरी शेजारी आधीच ओरडला, तर तू त्याच्याच घरी जाऊन बस. चहा तुझ्याकडून ने.

बॉक्सवाल्या दोघांसाठी जागा उरली नाही. भिवापूरच्या ताईंनी तोवर बॉक्स टीव्हीच्या मागून काढून उघड्यावर ठेवावा. तो गरम होऊन बंद पडतो आहे, दुसरं काही नाही.